एलिएझर बेन-येहुदा

एखादी भाषा केवळ ग्रंथांत राहते की घराघरांत नांदते, हे जाणावयाचे असेल तर तिच्यातील नकार पाहावेत. हिब्रू भाषेचे नकार पाहू लागताच आम्हांस एका विलक्षण पुरुषाचे चरित्र आठवते.

एलिएझर बेन-येहुदा यांचा जन्म १८५८ साली रशियन साम्राज्यातील लुझ्की या गावी झाला. हे गाव आज बेलारूस देशात मोडते. त्यांचे मूळचे आडनाव पेर्लमान. वैद्यक शिकण्यास ते पॅरिसला गेले, परंतु क्षयाने त्यांस गाठले. १८८१ साली ते यरुशलेमास येऊन राहिले. हिब्रू तेव्हा प्रार्थनेची व पांडित्याची भाषा होती. शतकानुशतके ती कोणाची मातृभाषा नव्हती. घरात हिब्रूवाचून दुसरा शब्द बोलावयाचा नाही, असा निश्चय त्यांनी व पत्नी देवोरा यांनी केला. १८८२ साली पुत्र झाला. तो इतक्या उशिरा बोलू लागला की, मूल मुके राहील अशी स्नेह्यांस धास्ती पडली.

लहान मूल असलेल्या घरात घटकोघटकी नकार लागतो. प्राचीन हिब्रूत त्याची उणीव नव्हती. क्रियापदास 'लो' लागे. 'नको' म्हणून आवरावयाचे तर 'अल' येई. मात्र दहा आज्ञांतील कायमचे निषेध 'लो'नेच सांगितले आहेत. अभाव दाखविण्यास 'एन' असे. आपल्या 'नाही'चे जसे नाहीस, नाहीत होते, तसे 'एन'लाही पुरुषवाचक प्रत्यय लागतात. म्हणून 'मी जाणत नाही' हे भारदस्त हिब्रूत 'एनेन्नी योदेआ' असे होते. आजचा बोलणारा मात्र सहजपणे 'अनी लो योदेआ' म्हणतो. 'एन' बोलण्यात उरला तो मुख्यतः 'अमुक वस्तू नाही' हे सांगण्यापुरता. 'अल' मात्र अजून घरोघर ऐकू येतो.

या निश्चयाची किंमत मोठी होती. पवित्र भाषा बाजारात आणली म्हणून सनातन्यांनी त्यांस बहिष्कृत केले. १८९१ साली देवोरा क्षयाने वारल्या आणि पाठोपाठ तीन मुले घटसर्पाने गेली. पुढे देवोरांची धाकटी बहीण हेम्दा त्यांची सहधर्मचारिणी झाली. वृत्तपत्रातील एका लेखावरून तुर्की सरकारने त्यांस तुरुंगातही टाकले. तरी कोशाचे काम थांबले नाही. १९२२ साली ब्रिटिश अमलातील पॅलेस्टाइनात हिब्रूस अधिकृत भाषेचा मान मिळाला आणि त्याच वर्षी १६ डिसेंबरला त्यांनी देह ठेवला. हेम्दा व पुत्र एहुद यांनी पुढे चालविलेला सतरा खंडांचा कोश १९५९ साली पुरा झाला.

बेन-येहुदांनी शेकडो नवे शब्द घडविले; पण 'एनेन्नी'च्या जागी 'अनी लो' हे काही त्यांच्या कोशाने ठरविले नाही. ते मुलांच्या व बाजारकरूंच्या जिभेने ठरविले. जी भाषा कोशकारास न विचारता आपली वाट काढते ती जिवंत झाली, असे आम्ही समजतो. आणि कोशकाराचे याहून मोठे यश कोणते?