परीक्षकाचीच परीक्षा

चित्रपट प्रदर्शित व्हावा आणि लगोलग वृत्तपत्रात त्याचे परीक्षण छापून यावे, हा परिपाठ आपल्याकडे बोलपटाइतकाच जुना आहे. या परीक्षणाकडे पाहण्याची दृष्टी मात्र ज्याची त्याची वेगळी. निर्मात्याला परीक्षक हा आपल्या भांडवलावर उठलेला शत्रू वाटतो. वाचकाला तिकिटाचे पैसे खर्चावेत की वाचवावेत, एवढाच सल्ला हवा असतो. खुद्द वृत्तपत्रांच्या कचेरीतही राजकीय भाष्यकाराच्या मानाने चित्रपट-परीक्षकाची पायरी खालचीच समजली गेली. अशा या उपेक्षित कामापासून प्रारंभ करून ज्याने पुढे लेखणी आणि कॅमेरा दोन्ही चालवले आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्याही चढल्या, अशा एका माणसाचे आयुष्य या संदर्भात पुन्हा आठवण्याजोगे आहे. तो माणूस म्हणजे ख्वाजा अहमद अब्बास.

अब्बास यांचा जन्म ७ जून १९१४ रोजी पानिपत येथे झाला. उर्दूतील थोर कवी अल्ताफ हुसेन हाली यांच्या घराण्याचा वारसा त्यांना लाभला होता. अलीगढ येथे पदवी आणि कायद्याचे शिक्षण पूर्ण करून १९३५ च्या सुमारास ते मुंबईस आले आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या दैनिकात रुजू झाले. फिरोजशहा मेहतांनी १९१३ मध्ये स्थापिलेले हे पत्र राष्ट्रीय चळवळीचा कैवार घेणारे होते. सय्यद अब्दुल्ला ब्रेल्वी हे त्याचे संपादक होते. वकिली करण्याऐवजी या तरुणाने बातमीदारी पत्करली आणि तिच्या जोडीला चित्रपट-परीक्षणाचे काम त्याच्याकडे आले.

तो काळ लक्षात घेतला पाहिजे. मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ झळकल्याला जेमतेम चार वर्षे झाली होती. पुण्यात ‘प्रभात’, कलकत्त्यात ‘न्यू थिएटर्स’ आणि मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ अशा संस्था उभ्या राहत होत्या. पण सुशिक्षित घरांत सिनेमाचे नाव अजून दबक्या आवाजातच निघे. अशा वेळी पुस्तकाचे परीक्षण ज्या गांभीर्याने करावे त्याच गांभीर्याने बोलपटाचे करावे, ही भूमिका अब्बास यांनी घेतली. गाणी किती आणि नटी कोण, एवढ्याने त्यांचे समाधान होत नसे. या कथेत आजचा समाज दिसतो काय, आणि दिसत असेल तर त्याच्याविषयी दिग्दर्शकाला काही म्हणावयाचे आहे काय, हे त्यांचे दोन प्रमुख प्रश्न असत. साहजिकच शांतारामबापूंच्या चित्रपटांकडे ते ओढले गेले. जरठ-विवाह नाकारणाऱ्या नीरेची कथा सांगणारा ‘कुंकू’ (१९३७) अथवा पोलीस शिपाई आणि वेश्या यांच्या नात्याकडे माणुसकीने पाहणारा ‘माणूस’ (१९३९) हे चित्रपट त्यांच्या हिंदी आवृत्त्यांमुळे देशभर पोचले. इंग्रजी वाचणाऱ्या वर्गापुढे शांतारामांचे मोल आग्रहाने मांडणाऱ्या टीकाकारांत अब्बास अग्रभागी होते.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. वृत्तपत्रात चित्रपटांविषयी लिहीत असतानाच्याच काळात, १९३६ च्या सुमारास, अब्बास ‘बॉम्बे टॉकीज’चे प्रसिद्धीचे काम अर्धवेळ करीत होते. एका हाताने परीक्षण आणि दुसऱ्या हाताने प्रसिद्धी, हा व्यवहार आजच्या नीतिनियमांत बसणारा नाही; त्या काळीही तो निर्दोष होता असे म्हणवत नाही. चरित्रनायकाच्या मोठेपणाला बाध येईल म्हणून असे तपशील गाळण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु परीक्षकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न किती जुना आणि किती अवघड आहे, हे अशाच तपशिलांतून कळते.

त्यांच्या निर्भयपणाचा खरा पुरावा मात्र दुसरीकडे सापडतो. महात्मा गांधींनी जुगार, सट्टा, घोड्यांच्या शर्यती अशा समाजघातक गोष्टींच्या पंक्तीत सिनेमाला बसविले, तेव्हा १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकात अब्बास यांनी गांधीजींना एक अनावृत पत्र लिहिले. गांधीजींचा शब्द म्हणजे आज्ञा, असे मानणाऱ्या पिढीतला हा पंचविशीचा पत्रकार. त्याने पुत्राने पित्यापुढे बसावे अशा आदराने, पण एक पाऊलही मागे न घेता, आपली बाजू मांडली. सिनेमात वाईट आहे हे त्याने मान्य केले. परंतु वाईट पुस्तके निघतात म्हणून छापखाना पाप ठरत नाही, तोच न्याय येथे लावावा, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. ‘संत तुकाराम’सारख्या चित्रपटांचे दाखले देऊन, या नव्या साधनाला थोरांच्या आशीर्वादाची गरज आहे, असे त्याने विनविले. ज्या कलेतले दोष तो दर आठवड्याला उघडे करीत होता, तिच्याच वतीने तो राष्ट्रपित्यासमोर उभा राहिला. टीकेच्या मुळाशी प्रेम असले म्हणजे काय घडते, याचे हे उदाहरण.

दुसऱ्यांच्या चुका काढणे सोपे, स्वतः करून दाखवा, असे आव्हान प्रत्येक परीक्षकाला केव्हा ना केव्हा मिळते. अब्बास यांनी ते स्वीकारले. एका ध्येयवादी पत्रकाराची त्यांनी लिहिलेली कथा ‘बॉम्बे टॉकीज’ने ‘नया संसार’ (१९४१) या नावाने पडद्यावर आणली. पुढे १९४६ हे वर्ष तर त्यांच्या आयुष्यात विलक्षण ठरले. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावरचा ‘धरती के लाल’ त्यांनी इप्टा या नाट्यसंघटनेच्या वतीने स्वतः दिग्दर्शित केला. त्यांच्या पटकथेवरून चेतन आनंद यांनी काढलेल्या ‘नीचा नगर’ला कान येथील पहिल्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्काराचा मान इतर काही चित्रपटांसह मिळाला. आणि चीनमध्ये रुग्णसेवा करताना १९४२ मध्ये मृत्यू पावलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाच्या आधारे शांतारामबापूंनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ निर्माण केला. ज्यांच्या चित्रपटांवर लिहून परीक्षक घडला, त्यांच्याच चित्रपटाला त्याने कथा पुरवावी, हा योग दुर्मिळच.

राज कपूर यांच्यासाठी अब्बास यांनी लिहिलेल्या चित्रपटांची कीर्ती सर्वज्ञात आहे. मनुष्य जन्माने घडतो की परिस्थितीने, हा प्रश्न ‘आवारा’ने (१९५१) सामान्य प्रेक्षकापर्यंत नेला आणि सोव्हिएत संघातही त्याने लोकप्रियतेचा उच्चांक गाठला. या लेखनात व्ही. पी. साठे यांचा वाटा होता, हे मराठी माणसाने विसरू नये. ‘श्री ४२०’ (१९५५) आणि ‘बॉबी’ (१९७३) यांनीही तिकीटबारी गाजवली. उलट स्वतः अब्बास यांनी निर्माण केलेल्या चित्रपटांना प्रेक्षक क्वचितच भरभरून लाभले. त्यांनी ‘मुन्ना’ (१९५४) गाण्यांवाचून काढला. मुंबईत छपरासाठी वणवण करणाऱ्या जोडप्याची कथा सांगणाऱ्या ‘शहर और सपना’ला (१९६३) राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. गोवामुक्तीच्या लढ्यावरील ‘सात हिंदुस्तानी’मध्ये (१९६९) त्यांनी मुद्दाम एका प्रांताच्या नटाला दुसऱ्या प्रांतीयाची भूमिका दिली: बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाले, मल्याळी मधू बंगाली झाले, तर जलाल आगा मराठी शाहीर झाले. अमिताभ बच्चन या नवख्या नटाचा हा पहिला चित्रपट. राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार त्याला मिळाला. गर्दी मिळाली नाही.

याचे कारण काय? अब्बास यांच्या चित्रपटांत पत्रकाराचा हात लपत नाही, संदेश पात्रांच्या पुढे चालतो, असा आक्षेप समीक्षकांनी वारंवार घेतला. तो अगदीच निराधार नव्हता. परीक्षक असताना त्यांनी विषयाला अधिक गुण दिले आणि मांडणीला कमी. दिग्दर्शक झाल्यावर तेच माप त्यांच्या अंगावर उलटले. परंतु त्यांनी आपले माप बदलले नाही, हेही तितकेच खरे. दुसऱ्याला लावलेली कसोटी स्वतःला लावताना सैल करणारे टीकाकार थोडे नाहीत. अब्बास अनुत्तीर्ण झाले असतील तर ते आपणच काढलेल्या प्रश्नपत्रिकेत.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे परीक्षण वृत्तपत्रात छापले गेले नाही. ते न्यायालयात झाले. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथील श्रीमंती व दैन्य समोरासमोर ठेवणारा सोळा मिनिटांचा अनुबोधपट त्यांनी १९६८ मध्ये तयार केला. मुंबईच्या वेश्यावस्तीतील दृश्यांमुळे तो सर्वांसाठी खुला करण्यास परिनिरीक्षण मंडळाने नकार दिला. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला चालू असतानाच सरकारने नमते घेऊन काटछाटीविना प्रमाणपत्र देण्याची तयारी दर्शविली. येथे दुसरा कोणी निर्माता समाधानाने घरी परतला असता. अब्बास यांनी मात्र आपल्या चित्रपटाचा प्रश्न सुटला तरी चित्रपटमात्राचा सुटलेला नाही, हे ओळखून पूर्वपरिनिरीक्षणाच्या तत्त्वालाच आव्हान दिले. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने सप्टेंबर १९७० मध्ये हे तत्त्व वैध ठरविले. म्हणजे अब्बास हरले. तथापि कलेचे मोल ओळखणारे निकष असावेत, आणि निर्णयाला कालमर्यादा व अपिलाची सोय असावी, ही गोष्ट त्या खटल्यामुळेच ऐरणीवर आली. स्वतंत्र अपील न्यायाधिकरण पुढे १९८३ मध्ये अस्तित्वात आले. एप्रिल २०२१ मध्ये ते बरखास्त झाले आणि निर्मात्याला आता पुन्हा उच्च न्यायालयाचीच वाट धरावी लागते. पन्नास वर्षांपूर्वी उपस्थित झालेला प्रश्न आजही जिवंत आहे, तो असा.

‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये सुरू केलेले ‘लास्ट पेज’ हे सदर अब्बास यांनी पुढे ‘ब्लिट्झ’मध्ये नेले आणि चार दशकांहून अधिक काळ, १ जून १९८७ रोजी मृत्यू येईपर्यंत चालविले. चित्रपट, कथा, कादंबऱ्या यांच्या गर्दीतही ते स्वतःला प्रथम पत्रकारच समजत राहिले.

आज चित्रपट पडद्यावरून उतरण्याच्या आत त्याचे तारे मोजले जातात, आणि स्तुती कोणती व जाहिरात कोणती हे ओळखणे वाचकाला कठीण होऊन बसले आहे. अशा वेळी अब्बास यांच्या चरित्रातून परीक्षकाने घ्यावयाचा धडा साधा आहे. प्रसिद्धी आणि परीक्षण एकाच हाताने करू नये. त्यांच्या उमेदवारीतील उणीव हेच शिकवते. ज्या कलेचे दोष दाखवावयाचे, तिच्यावर घाला आला असता तिच्या बाजूने उभे राहण्याची तयारी ठेवावी. त्यांचे उत्तरायुष्य हे शिकवते. आणि वाचकानेही परीक्षणाकडून केवळ तिकिटाचा सल्ला न मागता विचाराची अपेक्षा धरावी. तशी अपेक्षा धरणारा वाचक असेल, तरच तसे लिहिणारा परीक्षक टिकेल.