ग्रहणाने दिलेला उपचार

जुलै 1945 मध्ये जर्मनीतून सूर्यग्रहण दिसले. ते उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याची मधली नजर गेली. हॅम्बुर्गच्या नेत्ररुग्णालयात त्याला तपासणारे तरुण डॉक्टर होते गेरहार्ड मायर-श्विकेराथ. दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर, उन्हाने नेमका डाग पडलेला त्यांना दिसला. प्रकाश पडदा जाळू शकतो, तर तोच प्रकाश फाटलेला पडदा चिकटवूही शकेल, असे त्यांच्या मनात आले.

युद्धानंतरच्या त्या काळात साधने तुटपुंजी होती. रुग्णालयाच्या गच्चीवर आरसे बसवून त्यांनी ऊन खाली आणले आणि 1949 मध्ये पहिल्या रुग्णांवर उपचार केले. पण ढग आले की काम थांबे. पुढे कार्बनचा दिवा आला आणि 1950 च्या दशकात झाइस कंपनीच्या साथीने झेनॉन दिव्याचे यंत्र तयार झाले. 1959 पासून त्यांनी एसेनमध्ये काम केले.

हाच उपचार मधुमेहींच्या डोळ्यांसाठीही वापरला जाऊ लागला. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. प्राणवायू कमी पडला की नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात. त्यांतून रक्तस्राव होतो, पडदा ओढला जातो. पडद्याच्या कडेचा भाग प्रकाशाने भाजला की प्राणवायूची मागणी घटते आणि या वाहिन्या सुकू लागतात. किंमतही मोजावी लागते: कडेचे आणि अंधारातले थोडे कमी दिसते. पण वाचायची, माणसे ओळखायची मधली नजर वाचते.

झेनॉनची जागा पुढे लेसरने घेतली. अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 1976 मध्ये आले. वाढलेल्या आजारात या उपचाराने दृष्टी गंभीररीत्या जाण्याचा धोका निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक घटतो, हे त्यातून सिद्ध झाले.

मायर-श्विकेराथ 1992 मध्ये वारले. आज इंजेक्शने आणि पडद्याच्या शस्त्रक्रियाही आहेत, तरी त्यांच्या उपचारातले एक सत्य कायम आहे. लेसर उरलेली नजर राखतो. गेलेली बहुधा परत आणत नाही. आजार बराच वाढेपर्यंत नीट दिसत राहते, म्हणून अनेक जण उशिरा येतात. मधुमेहींनी तक्रार नसली तरी दरवर्षी औषधाचे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. वाचवण्यासारखे बरेच काही उरलेले असते, तेव्हाच हा उपचार सर्वाधिक फळतो.