तहान, तलाव आणि वीज : बाबासाहेबांचे एक उपेक्षित कार्य

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. १९०१ साली त्यांचे वडील सुभेदार रामजी हे खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळात अन्नान्न झालेल्या लोकांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने तेथे तलावाचे खोदकाम काढले होते. वडिलांना भेटण्यासाठी बाल भीमराव भाऊ व भाच्यांसह मसूर स्थानकावर उतरले. पुढील प्रवास बैलगाडीचा होता. शिदोरी जवळ होती; परंतु जातीमुळे रात्रभर त्यांना कोणीही पाणी दिले नाही. ज्या तलावाच्या कामावर वडील हिशेब ठेवीत होते, त्याच्याच वाटेवर मुले तहानेने व्याकूळ झाली. आपण हा प्रसंग केवळ अस्पृश्यतेची कथा म्हणून सांगतो. मला त्यात दोन प्रश्न दिसतात : पाणी साठवायचे कोणी, आणि ते मिळायचे कोणाला?

दुसऱ्या प्रश्नासाठी २० मार्च १९२७ रोजी त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. नगरपालिकेने ते तळे कागदोपत्री आधीच खुले केले होते, हे विसरता कामा नये.

पहिला प्रश्न आपल्या जयंतीच्या व्याख्यानांत क्वचितच येतो. शेतीवर माणसांचा अतिरिक्त भार असून त्यावर औद्योगिकीकरण हाच उपाय आहे, हे बाबासाहेबांनी १९१८ सालच्या अल्पभूधारणेवरील निबंधातच मांडले होते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्याच खात्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त व मुबलक विजेचा संबंध थेट दारिद्र्यनिवारणाशी जोडला. त्याच वर्षी दामोदर नदीच्या महापुराने हाहाकार माजविला. केवळ बांध घालून पूर थोपविण्याची जुनी रीत त्यांना मान्य नव्हती. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांची एकत्रित योजना त्यांनी बंगाल व बिहार सरकारांपुढे ठेवली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसाच्या नद्यांविषयीही त्यांनी जलाशयांचाच आग्रह धरला. आपल्या लोकांना पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावाचाच त्रास अधिक, ही त्यांची धारणा होती. मसूरच्या वाटेवरील मुलाला हे कोणी शिकवावे लागले नसेल.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्याच साली शेजारच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली, पवनेवर धरण झाले आणि हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. गावकीच्या कामातून सुटलेली आपली कितीतरी कुटुंबे येथे प्रथमच महिन्याच्या पगारावर जगू लागली; आपल्या माजी विद्यार्थ्यांचे अनेक पालक त्यांपैकीच आहेत. परंतु त्याच पवनेच्या बंदिस्त जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ मावळचे तीन शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात मृत्युमुखी पडले. पाणी मिळायचे कोणाला, हा प्रश्न येथेही धरण बांधून सुटलेला नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ओरिसातील हिराकुड धरणाचे उद्घाटन त्यानंतर पाच आठवड्यांनी, १३ जानेवारी १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले.