पीएचडीच्या विद्यार्थ्यांना नदीकाठ वाचायला शिकवणारे सांकलिया सर

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव आहे. गावाच्या नावातच कुंभार. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. गोदाकाठच्या एखाद्या शेतात मातीच्या भांड्याचा तुकडा सापडला, तर आपण काय करतो? खापर म्हणून बांधावर फेकून देतो.

पण हाच तुकडा चाकावर घडवलेला आहे की हातानं, तो किती भाजलाय, त्यावर कुठल्या रंगाची नक्षी आहे, हे ओळखता आलं तर महाराष्ट्राचा तीन हजार वर्षांपूर्वीचा इतिहास सांगता येतो. ही ओळख पटवणारी एक अख्खी पिढी पुण्यात घडली. ती घडवणारा माणूस म्हणजे हसमुख धीरजलाल सांकलिया.

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ चा, मुंबईतला. घर गुजराती. शिक्षण संस्कृत आणि प्राचीन इतिहासाचं. सेंट झेवियर्समध्ये फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. पुढे पीएचडीसाठी लंडनला गेले. विषय होता गुजरातचं पुरातत्त्व.

तिथं असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननावर त्यांनी काम केलं. मातीचा एकेक थर वेगळा ओळखायचा, कुठल्या थरात काय मिळालं याची लगेच नोंद करायची, ही शिस्त त्यांना प्रत्यक्ष खड्ड्यात उतरून शिकता आली. १९३७ मध्ये ते डॉक्टर झाले.

१९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं आणि सांकलिया तिथं प्राध्यापक झाले. पुरातत्त्वाचे विद्यार्थी घडवायचे तर फक्त ग्रंथालय पुरणार नव्हतं. शिलालेख आणि ताम्रपट वाचणं गरजेचं होतंच, पण माणसाला अक्षर येण्याच्या आधीचा काळ कुठल्याच ताम्रपटात सापडत नाही. तो नदीच्या काठात आणि पांढरीच्या टेकाडात असतो.

मग एकेका विद्यार्थ्याच्या वाट्याला एकेक प्रदेश आला. बी. सुब्बाराव यांनी बल्लारी भागातलं अश्मयुग अभ्यासलं. आर. व्ही. जोशी यांनी मलप्रभेचं खोरं पिंजून काढलं. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी राजस्थान घेतलं. विषय कागदावर एका ओळीचा, पण त्यासाठी गावोगाव फिरायचं, नदीनं कापलेले काठ बघायचे, गाळाचे थर मोजायचे आणि सापडलेल्या दगडावर माणसाचा हात लागलाय की तो पाण्यानंच झिजलाय, हे ठरवायचं. अशा फिरण्यातून भारताच्या अश्मयुगाचा नकाशा तुकड्या-तुकड्यानं भरत गेला.

यातलं पहिलं कौशल्य म्हणजे बघणं. त्या काळी अनेकांचा समज होता की महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाच्या मुलखात आदिमानव राहिलाच नसावा. सांकलियांनी नाशिकजवळ गंगावाडीला गोदावरीच्या पात्रात दगडी हत्यारं शोधली आणि १९५२ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. हत्यारं आधीपासून तिथंच होती, ती ओळखणारी नजर हवी होती.

दुसरं कौशल्य खापर वाचण्याचं. १९५०-५१ मध्ये शां. भा. देव यांच्यासोबत सांकलियांनी नाशिक आणि संगमनेर तालुक्यातलं जोर्वे इथं उत्खनन केलं. जोर्व्याला लाल रंगाची, काळ्या नक्षीची, पक्की भाजलेली भांडी मिळाली. पुढे तशीच भांडी महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडत गेली आणि त्या सगळ्या लोकांच्या संस्कृतीला जोर्वे हे नाव पडलं. मराठवाड्यातही पैठण तालुक्यात, गोदाकाठच्या आपेगावला देव, म. के. ढवळीकर आणि झे. दा. अन्सारी यांनी उत्खनन करून ताम्रपाषाण काळातली वस्ती उजेडात आणली. म्हणजे सांकलियांनी घडवलेले हात आता स्वतंत्रपणे काम करत होते.

तिसरं कौशल्य होतं दुसऱ्या शास्त्राची मदत घेण्याचं. सापडलेलं हाड कुठल्या प्राण्याचं, दाणा कुठल्या धान्याचा, गाळ कसा साचला, हे एकट्या इतिहासकाराला कळत नाही. लंडनचे एफ. ई. झॉयनर यांच्यासारख्या तज्ज्ञाला त्यांनी गुजरातच्या नद्यांवर नेलं. नेवाशाच्या उत्खननाचा अहवाल १९६० मध्ये आला, तेव्हा त्यावर सांकलियांसोबत देव, अन्सारी आणि जर्मन मानववंशशास्त्रज्ञ सोफी एरहार्ट यांची नावं होती. सहकाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर छापणं हीसुद्धा एक शिकवणच होती.

आणि गुरूचं शिक्षण? तेही थांबलं नव्हतं. १९६८ मध्ये शिरूर तालुक्यातल्या इनामगावचं उत्खनन सुरू झालं, तेव्हा सांकलिया साठीला टेकले होते. खोल खड्डा घेऊन फक्त काळाचा क्रम लावण्याऐवजी इथं वस्ती आडवी उघडायची ठरली. त्यामुळे घरं कशी होती, लोक काय खात होते, मेलेल्या लेकरांना घरातल्या जमिनीखाली मडक्यात कसं पुरत होते, हे कळलं. कुंभाराची भट्टीसुद्धा मिळाली. हे काम १९८३ पर्यंत चाललं. ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आज पीएचडी म्हटलं की चर्चा होते ती प्रवेश परीक्षा, फेलोशिप आणि गाईड कोण मिळतोय याची. हे प्रश्न खरेच आहेत, विशेषतः गावातून आलेल्या मुलांसाठी. पण पदवी हाती आल्यावर सोबत काय उरतं, याचं उत्तर सांकलियांच्या कामात आहे. बघता येणं, नोंद ठेवता येणं, दुसऱ्याला विचारता येणं आणि जे सापडलं ते वेळेत लिहून लोकांपुढे ठेवता येणं.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी पुण्याला जायचीही गरज नाही. शेतात जुनं खापर दिसलं तर खणू नका. जागा लिहून ठेवा, फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. ज्या मुलाला गावातली पांढरीची जागा, ओढ्याचा काठ आणि कुंभाराची भट्टी आधीपासून माहीत आहे, त्याच्याकडे संशोधनाचं निम्मं भांडवल घरूनच आलेलं असतं.