दृष्टी गेली, तरी १३० हून अधिक ग्रंथ! गुलाबराव महाराजांनी हे कसं केलं?

अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळी या आजोळी ६ जुलै १८८१ रोजी एक मुलगा जन्मला. नऊ महिन्यांचा असताना त्याचे डोळे आले. चुकीचं औषध पडलं आणि दृष्टी कायमची गेली. चौथ्या वर्षी आईही वारली.

हाच मुलगा पुढे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज म्हणून ओळखला गेला. मोहोड घराण्यातल्या या मुलाचं गाव माधान. स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवून घेत. वेदान्त, भक्ती, आयुर्वेद, संगीत अशा विषयांवर त्यांनी १३० हून अधिक ग्रंथ रचले. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचाही समाचार घेतला.

मग ते वाचत कसे? कानांनी! दुसऱ्याकडून पुस्तक वाचून घ्यायचं, ऐकलेलं मनात साठवायचं आणि लेखनिकाला सांगून लिहून घ्यायचं.

मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीचं केंद्र असतं. लहानपणीच दृष्टी गेली तर ते रिकामं पडून राहतं, असं पूर्वी वाटायचं. १९९६ मध्ये संशोधकांनी ब्रेल वाचणाऱ्या अंध व्यक्तींचे मेंदू तपासले. बोटं ठिपक्यांवरून फिरताना नेमकं हेच केंद्र कामाला लागलेलं दिसलं. म्हणजे डोळ्यांची जागा स्पर्शाने घेतली होती.

२००३ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. जन्मांध व्यक्ती शब्द आठवतात तेव्हाही हा भाग जागा होतो. ज्यांच्यात तो जास्त जागा होतो, त्यांची शब्दांची स्मरणशक्तीही जास्त चांगली असते.

महाराजांचा मेंदू कुणी तपासला नव्हता, त्यामुळे त्यांच्याबाबत खात्रीने काही सांगता येत नाही. पण दृष्टी गेली तेव्हा ते तान्हं बाळ होते, आणि याच वयात मेंदू सर्वांत जास्त लवचीक असतो.

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

मेंदू रिकाम्या जागेला नवं काम देतो, पण ते काम बाहेरून मिळावं लागतं. ब्रेलच्या वाचकाला ते बोटांखालच्या ठिपक्यांतून मिळतं. महाराजांना ते शेजारी बसून पुस्तक वाचून दाखवणाऱ्या माणसांकडून मिळालं. आज आपल्या गावातल्या अंध मुलाला कोण वाचून दाखवतं?