मेरी रॅथबन : एक विनावेतन व्रत

खेकड्यांच्या अभ्यासात ज्यांचे नाव आजही प्रमाण मानले जाते, त्या मेरी जेन रॅथबन यांचा जन्म ११ जून १८६० रोजी अमेरिकेतील बफेलो येथे झाला. शालेय शिक्षणापुढे महाविद्यालयाची पायरी त्यांनी कधी चढली नाही. १८८१ मध्ये बंधू रिचर्ड यांच्यासमवेत वुड्स होल येथे त्यांनी प्रथमच समुद्र पाहिला आणि तेथे गोळा होणाऱ्या सागरी प्राण्यांच्या वर्गवारीत त्या रमल्या. पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात लेखनिक म्हणून शिरलेल्या या बाई कवचधारी प्राण्यांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चवीने खाल्ल्या जाणाऱ्या निळ्या खेकड्याला १८९६ साली त्यांनी दिलेल्या जातिनामाचा अर्थ ‘रुचकर’ असा आहे. बरण्यांतील नमुन्यांत आयुष्य घालवणाऱ्या व्यक्तीची ही रसिकता लोभस वाटते.

विभागाचा व्याप वाढला, परंतु साहाय्यकाच्या वेतनाची तरतूद नव्हती. तेव्हा १९१४ मध्ये रॅथबनबाईंनी स्वतःच राजीनामा दिला. त्यांच्या वेतनावर वॉल्डो श्मिट या तरुण अभ्यासकाची नेमणूक झाली. बाई मात्र पूर्ववत कामावर येतच राहिल्या. अमेरिकेतील खेकड्यांवरील त्यांचे चार बृहद्ग्रंथ १९१८ ते १९३७ या काळात, म्हणजे पगार सोडल्यानंतरच, प्रसिद्ध झाले. १९१७ साली जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

४ एप्रिल १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. आपली पुस्तके आणि १०,००० डॉलर त्यांनी स्मिथसोनियन संस्थेस, याच प्राण्यांच्या पुढील संशोधनासाठी, ठेवले होते.