मुळांचा श्वास ओळखणारे होगलंड

बिनमातीच्या शेतीचे पाइप आणि टाक्या पाहून आपल्यापैकी बरेच जण हरखतात. कर्ज काढून लेट्यूस, पालक लावतात आणि पहिला प्रश्न विचारतात, खताचा फॉर्म्युला कोणता? ज्यांच्या नावाचे द्रावण आजही जगभर वापरतात, त्या डेनिस होगलंड यांची गोष्ट म्हणूनच ऐका.

जन्म 1884 चा, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातला. शिक्षण रसायनशास्त्राचे. 1913 साली ते कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कलीला आले. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारे पालाश बंद झाले, तेव्हा समुद्रातल्या केल्प या शेवाळापासून खत करता येईल का, हे त्यांनी तपासले. पाण्यात पालाश थोडे, केल्पमध्ये मात्र भरपूर! मग ते आत शिरते कसे? या एका प्रश्नाने त्यांना आयुष्यभर सोडले नाही.

उत्तर जवाच्या मुळांत सापडले. 1936 साली ब्रॉयर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी तोडलेली मुळे द्रावणात ठेवली. हवा सोडली की मुळे क्षार भराभर ओढत. हवा तोडली की ओढ मंदावे. म्हणजे काय, तर अन्न घ्यायला मुळाला श्वास लागतो. टाकीत खत कितीही ओता, प्राणवायू नसेल तर पीक उपाशीच!

त्याच विद्यापीठातल्या गेरिके यांच्या पाण्यातल्या उंच टोमॅटोंचा तेव्हा मोठा गाजावाजा झाला होता. होगलंड आणि आर्नन यांनी माती, वाळू आणि पाणी अशी तुलना केली. चांगल्या जमिनीपेक्षा पाण्यातले उत्पन्न फार वेगळे नाही, हे त्यांनी 1938 च्या पुस्तिकेत रोखठोक लिहिले. विकणाऱ्यांना हे आवडणारे नव्हतेच म्हणा.

आता आपल्याकडचे बघा. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. वर गरम पाण्यात मुळांची भूक वाढलेली. म्हणून टाकी सावलीत ठेवा, झाकून घ्या, सामू साडेपाच ते साडेसहा राखा. हवेच्या पंपाला बॅटरी जोडा, लाइट जाणारच आहे. मुळे तपकिरी, बुळबुळीत झाली, वास मारू लागली तर खत वाढवू नका, आधी हवा आणि पाण्याचे तापमान बघा.

होगलंड 1949 साली वारले. पुस्तिकेची सुधारित आवृत्ती 1950 साली निघाली.